बघायचे पैसे वेगळे

९ जुलै

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोन केला की तू "हां, बरं, ठेवतो" एवढंच बोलतोस. मामीचा आवाज गेला तेव्हा तू घरात फोनवर बोलणं सोडलंस, एकीला बोलता येत नाही तर दुसऱ्याने तिच्यासमोर गप्पा मारू नयेत म्हणून. ती जाऊन साडेतीन महिने झाले, तुझी सवय काही गेली नाही. म्हणून म्हटलं, कागदच बरा.

बातमी अशी की कंपनीने मला काढलं. अकरा वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांना "बंद करून परत चालू करा" सांगत होते, शेवटी मलाच बंद केलं. आठवडाभर रडले, मग कंटाळा आला. आता मागच्या खोलीत कपड्यांच्या कपाटाला लागून टेबल टाकलंय आणि तेच काम घरून, स्वतःचं म्हणून सुरू केलंय. लोक त्यांच्या घरी, मी माझ्या घरी. त्यांच्या स्क्रीनवर एक नंबर येतो, तो ते मला फोनवर सांगतात, की त्यांचा कंप्युटर माझ्यासमोर उघडतो आणि त्यांचा माउस माझ्या हाताने हलायला लागतो. एका आजोबांनी तर खुर्ची मागे घेतली, "भूत शिरलं" म्हणाले.

काम जमतं रे, पैसे मागणं जमत नाही. तासावर घेऊ, कामावर घेऊ, की महिन्याचं ठरवून? तू चाळीस वर्षं दारोदार जाऊन शिलाई मशीनं दुरुस्त केलीस. तुझ्याशिवाय कुणाला विचारणार?

आणि मामीचा कंप्युटर विकू का म्हणून विचारलं होतंस. तुझं तू ठरव, पण एक लक्षात ठेव. टाकलेल्या फाइली लगेच नाहीशा होत नाहीत. स्क्रीनवर कोपऱ्यात टोपलीचं चित्र आहे ना, त्यात पडून राहतात. मामी दिवसभर टाइप करून तुझ्याशी बोलायची आणि संध्याकाळी सगळं टाकून द्यायची, "बोललेलं कुणी साठवून ठेवतं का" म्हणून. ते सगळं तिथेच असेल. विकायचं ठरलं तर आधी टोपली रिकामी करावी लागेल, नाहीतर घेणारा वाचत बसायचा. मला सांग, मी इथून करून देईन.

तुझी,
भिंगरी


२० जुलै

भिंगरे,

कंप्युटर विकत नाही. ठरलं.

नोकरी गेली ते वाईट झालं, पण तुला दुसऱ्याच्या घड्याळावर बसवणं हीच मुळात चूक होती. लहानपणी जेवतानाही तू एका पाटावर टिकली नाहीस, नाव उगाच पडलं नाही.

आता दराचं. मी घरात शिरलो की पहिल्यांदा सांगायचो, बघायचे पैसे वेगळे, दुरुस्तीचे वेगळे. लोक म्हणायचे, नुसतं बघायचे कसले पैसे? मी म्हणायचो, मग तुम्हीच बघा. अगं, बघणं हेच काम आहे. टाका सुटतो म्हणून बाई सुई बदलून बदलून थकते, आणि बॉबीनच्या खाली सुताचा एवढासा तुकडा अडकलेला असतो. तो काढायला अर्धं मिनिट लागतं. दिसायला वीस वर्षं लागतात. त्या वीस वर्षांचे पैसे घ्यायला लाजू नकोस.

दुसरं, न मागितलेलं काम करू नकोस. फुकट तर अजिबात नको. फुकटच्या कामात हात घाई करतो. मी एकदा पट्टा बदलायला गेलो होतो. निघताना, तिचं भलं करावं म्हणून, न सांगता तेल घातलं. बाईने पांढऱ्या सॅटिनचा झगा शिवायला घेतला आणि पहिल्याच टाक्याला काळा डाग. झगा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. ती मला एक शब्द बोलली नाही. पुन्हा बोलावलं नाही, इतकंच. शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो.

मी बरा आहे. सकाळी साडेनऊ ते दहा मला एक काम असतं, तेवढ्या वेळात कुणी दार वाजवलं तर उघडत नाही.

मामा


५ नोव्हेंबर

प्रिय मामा,

उशीर झाला, कान धरते. पण उशीर कामामुळे झाला, हे ऐकून तुला बरं वाटेल. तीस-एक गिऱ्हाइकं झाली. एक शाळेतल्या बाई आहेत, दर सोमवारी त्यांचा प्रिंटर रुसतो. एक वकील आहेत, ते पासवर्ड विसरतात आणि मी बदलला म्हणून माझ्यावर ओरडतात.

तुझा सल्ला मी पाळला बरं का, महिनाभर. "बघायचे दोनशे, दुरुस्तीचे वेगळे" म्हटलं की समोरून फोन कट. मामा, तुझ्या वेळी गावात तू एकटा होतास. इथे ढिगाने आहेत, आणि माझ्याहून स्वस्त. शेवटी मी सरसकट दर केला. काम कुठलंही असो, चारशे. वर प्रत्येक कामासोबत साफसफाई मोफत. नको असलेल्या फाइली, साठलेला कचरा, सगळं दहा मिनिटांत साफ. लोक खूश होतात. काम काय केलं ते त्यांना कळत नाही, पण "एवढी जागा मोकळी झाली" हा आकडा कळतो. फुकट ते पौष्टिक, हे तूच म्हणायचास ना?

आता सवय अशी झालीय की हात आपोआप चालतो. तुझ्या कंप्युटरलाही मामी गेल्यापासून कुणी हात लावला नसेल. सांग कधीही.

तुझी,
भिंगरी


१८ नोव्हेंबर

भिंगरे,

फुकट ते पौष्टिक हे मी खाणाऱ्याबद्दल म्हणायचो, वाढणाऱ्याबद्दल नाही. असो. दुकान तुझं, दर तुझा.

कंप्युटर हल्ली फार हळू चालतो. चालू केला की मी दात घासून येतो तरी तो गरगरतच असतो. काय ते तू बघून दे, घाई नाही. फक्त मार्चपर्यंत तो चालला पाहिजे. तीन ते अकरा मार्च, हे नऊ दिवस तर चाललाच पाहिजे. त्यानंतर त्याचं काय व्हायचं ते होवो.

ते नऊ दिवस तुला माहीत आहेत. माझ्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पालथं पडून राहायला सांगितलं. दुसऱ्या डोळ्यात तरुणपणीच सुईचा तुकडा उडालेला, त्याने नुसता उजेड कळतो. म्हणजे तिला बोलता येत नव्हतं आणि मला वाचता येत नव्हतं. ती शेजारच्या टेबलाशी बसून टाइप करत राहायची, मी आवाज ऐकत राहायचो. शेजारणीला वाचायला बोलावू का विचारलं तर नको म्हणाली. बारा मार्चला माझी पट्टी सुटली, तर सकाळीच तिला दवाखान्यात हलवलेलं. तिथे तिच्या हातात बळच नव्हतं. पुढचं तुला ठाऊक आहे.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला का सांगितलं कोण जाणे. थंडी पडली आहे, कानाला गुंडाळत जा.

मामा


२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

झालं तुझं काम! काल तू फोनवर नंबर सांगून लगेच ठेवलास, "मामा, कसा आहेस" एवढंही म्हणू दिलं नाहीस. पण माझं लक्ष होतं. तुझ्या नोव्हेंबरच्या पत्रातल्या तारखा मी भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या. तुला त्या दिवसांत मामीचे फोटो बघत बसायचं असणार, हे मला न सांगताही कळलं. तेव्हा कंप्युटर कसा लख्ख पाहिजे.

म्हणून तुझ्यासाठी नेहमीपेक्षा जास्त केलं. फोटोंचा एक वेगळा फोल्डर करून समोर ठेवलाय, मामीचे एकशेबारा फोटो आहेत. बाकी जुना कचरा, टोपली, सगळं काढून टाकलं. आता दात घासायला वेळ मिळणार नाही तुला. फक्त एक कर, दोन दिवस बंद करू नकोस. मोठा अपडेट उतरतोय, तो मधे तुटला तर परत पहिल्यापासून.

पैशाचं नाव काढायचं नाही. तू माझा मामा आहेस, गिऱ्हाईक नाहीस.

तुझी,
भिंगरी


४ मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. तू सांगितलंस तसा दोन दिवस चालू ठेवला. आता पटकन उघडतो.

एक विचारायचं होतं. माझ्या एका मित्राच्या कंप्युटरमधली टोपली चुकून रिकामी झाली. त्यातलं काही परत येतं का? किती पैसे लागले तरी त्याची तयारी आहे. जमल्यास लवकर कळव.

मामा


१९ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी तापाने पडले होते, मग साठलेली कामं. माफ कर. तारखा भिंतीवर दिसत होत्या, तुझी आठवण रोज येत होती. फोटो बघितलेस ना?

तुझ्या मित्राला सांग, टोपली रिकामी केली तरी माल लगेच जात नाही, फक्त त्यावरचं नाव खोडलं जातं. त्याच क्षणी कंप्युटर बंद करून हात न लावता आणला तर पुष्कळदा सापडतो. पण नंतर चालू ठेवला, त्यात वर अपडेट-बिपडेट उतरू दिला, तर नवं जुन्यावर लिहिलं जातं आणि मग देवही काही करू शकत नाही. अशा कामाला माझा दर तिप्पट आहे, आणि खात्री शून्य. मित्र असला तरी आधी सांगून ठेवलेलं बरं. बंद ठेवलाय का त्याने?

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

भिंगरे,

नाही, मित्राने बंद ठेवला नव्हता. त्याला समजावलं मी. तो समजूतदार आहे.

तुझा ताप उतरला का? काढा-बिढा नको, झोप घे.

कंप्युटर आता विकायला हरकत नाही. चांगला चालतो आहे, कुणाला तरी उपयोगी पडेल.

मामा


९ एप्रिल

मामा,

तुझ्याकडे कंप्युटर असलेला एकही मित्र नाही. हे मला महिनाभर सुचलं नाही आणि "विकायला हरकत नाही" वाचलं त्या क्षणी सुचलं. हातातलं पत्र तसंच धरून मी टेबलाशी जाऊन बसले.

कंपनीत लागलेली एक सवय आहे. कामाला हात लावण्याआधी स्क्रीनवर जे जे असेल त्या प्रत्येकाचा फोटो काढून ठेवायचा, उद्या गिऱ्हाइकाने भांडण काढलं तर पुरावा म्हणून. तुझाही काढला होता. टोपलीचाही. आज पहिल्यांदा तो उघडून बघितला.

सगळ्या फाइलींना तारखेचं नाव. मामी गेली त्याच्या आदल्या जुलैपासूनच्या एकेक दिवसाची एकेक. आणि टोपलीत टाकल्याची वेळ मात्र बरोबर वर्षानंतरची, रोज सकाळी दहाच्या आसपास. तू रोज त्या तारखेची बाहेर काढत होतास, वाचत होतास आणि परत टाकत होतास. पंचवीस फेब्रुवारीपर्यंत. दार न उघडण्याचं काम हे होतं तुझं. तीन ते अकरा मार्च तशाच पडून होत्या, न वाचलेल्या. मी त्यांचा फोटो काढला, मामा, आणि बघितलं नाही. मग 'रिकामं करा'चं बटण दाबलं. फुकटात.

तू मला सांगत होतास. झग्याची गोष्ट सांगितलीस, तारखा सांगितल्यास, नऊ दिवस सांगितलेस. आणखी काय सांगायला हवं होतं? आणि मी शहाणी, फोटोंचा फोल्डर करत बसले. वर तुला तिप्पट दर ऐकवला. पत्रात "देवही काही करू शकत नाही" असं मी तुलाच लिहिलं.

फोन करतेय, तू उचलत नाहीस. रविवारी येते. सगळी अवजारं घेऊन येते. आशा नाही, तुला खोटं सांगणार नाही, पण बघू दे. त्यानंतर हे काम मी बंद करणार आहे. दरपत्रक फाडून टाकलं.

फोटोतली त्या नऊ दिवसांची यादी छापून सोबत ठेवली आहे. आत काय लिहिलं होतं ते त्यात नाही. फक्त तारीख आणि फाइल केवढी होती तो आकडा. एक केबी म्हणजे एका शब्दापासून साठेक शब्दांपर्यंत काहीही असू शकतं, मग पुढे त्या हिशोबाने. तुला हे हवंय की नको हेही मला कळत नाही.

भिंगरी


२२ एप्रिल

भिंगरे,

रविवारी सहा तास तू खुर्चीवरून उठली नाहीस. पाणी ठेवलं तेही तसंच राहिलं. काही सापडलं नाही म्हणालीस आणि दारातल्या पायरीवर बसून लहानपणीसारखी रडलीस. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहितो.

राग आला होता. नाही कशाला म्हणू? सव्वीस फेब्रुवारीला सकाळी टोपली उघडली आणि आत काही नाही, तेव्हा मी कंप्युटर हलवून बघितला, मशीन हलवतात तसा. मग तुझं पत्र आलं, किती आनंदाने लिहिलेलं. दहा-बारा दिवस तुझं नाव आठवलं तरी आतून पेटत होतो. तुला सांगायचं नाही हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तू नुकती कुठे उभी राहत होतीस.

मग राग माझ्याकडे वळला. तुझं जुलैतलं पत्र आलं त्याच दिवशी मी टोपली उघडली होती. ती नऊ पानं तेव्हाच समोर होती. एका दुपारी वाचून झाली असती. पण ती वाचली की पुढे काही उरणार नव्हतं. म्हणून मी ठरवलं, तारखेने जायचं. ती ज्या दिवशी जे बोलली ते त्याच दिवशी ऐकायचं. सात महिने घरात पुन्हा बोलणं होतं, भिंगरे. "दूध उतू जाईल, बघा." "तो शर्ट नको, कॉलर विरली आहे." सगळं मी आधी वाचलेलंच होतं, तरी रोज नवं वाटायचं. ते सात महिने तुझ्या पत्राने मला दिले, हेही लिहून ठेव. उरलेल्या नऊ दिवसांचं नुकसान एकट्या तुझं नाही. मी साठवत बसलो. बोललेलं साठवू नये, हे ती सांगून गेली होती.

तुझा कागद टेबलावरच्या काचेखाली ठेवला आहे. तो मला हवा होता. आठ मार्चला नऊ केबी, सगळ्यात जास्त. त्या दिवशी दुपारभर तिची बटणं थांबत नव्हती. मी उशीत तोंड घालून विचारलं, "भांडतेस का?" हात एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही, असं आमचं ठरलं होतं. एकदा दाबला. "माझ्याशी?" पुन्हा एकदा. मग दोघं हसलो. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, खाट हलली त्यावरून कळलं.

अकरा मार्चला एक केबी. तू म्हणतेस साठ शब्दांपर्यंत काहीही असेल. तेवढं नव्हतं. मी ऐकलं आहे ना. आठ-दहा बटणं वाजली, बस. मग खुर्ची सरकली आणि ती माझा हात धरून बसली. मी विचारलं, "काय लिहिलंस?" याला हो किंवा नाही असं उत्तर नव्हतं. माझा प्रश्नच चुकला. तिने हात दाबला नाही, नुसता धरून ठेवला.

परवापासून मी तिच्या खुर्चीवर बसतो. आजवर ज्या बटणांना हात लावला नाही, ती एका बोटाने शोधतो. आठ-दहा बटणांत काय काय बसतं ते बघतो. "जेवून घ्या" बसतं. "दुखतंय" बसतं. "येते मी" हेही बसतं. वाचतो आणि टोपलीत टाकतो. तेव्हा कंप्युटर विकत नाही. पुढेमागे टोपली भरली तर तुलाच बोलावीन, मला विचारून रिकामी कर.

दुकान बंद करायचं नाही. झग्यावर डाग पडल्यावर मीही आठवडाभर अवजारांची पेटी उचलली नव्हती. आठव्या दिवशी तुझ्या मामीने ती माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. नवं दरपत्रक कर. पहिल्या ओळीत बघायचे पैसे लिही, आणि खाली, विचारल्याशिवाय काही टाकणार नाही, असं लिही. गिऱ्हाइकं कमी होतील. होऊ देत.

आज बँकेत जाऊन तुझ्या खात्यात सहा तासांचे पैसे भरले, तुझ्या जुन्या दराने, तासाला दोनशे धरून. ते फक्त बघायचे आहेत. दुरुस्ती झाली नाही, तिचे दिलेले नाहीत. परत पाठवू नकोस.

मामा